आभाळातलं कडं आणि पाकिटातले जिवाणू

२०२२ चा गुढीपाडवा आमच्या भागात कोणी विसरणार नाही. २ एप्रिलच्या रात्री पावणेआठच्या सुमारास जळते तुकडे रांगेनं आभाळातून सरकत गेले आणि चंद्रपूर जिल्ह्यातल्या सिंदेवाही तालुक्यात, लाडबोरी गावाजवळ, साधारण तीन मीटर व्यासाचं धातूचं कडं येऊन पडलं. आमच्या चामोर्शीहून तिकडे जायचं तर गडचिरोली, व्याहाड, मूल असा फेरा आहे, मध्ये वैनगंगा आहे. तरी दुसऱ्या दिवशी सकाळी टपरीवर चर्चा अशी, की जणू ते आमच्याच बांधावर पडलंय. विज्ञानाचा मास्तर म्हणून मला घेरलं गेलं. "सर, थ्या रिंगले हात लावला त वरचा काही रोग लागन का जी?" कोरोना नुकता ओसरला होता, त्यामुळे प्रश्न हसण्यावारी नेण्यासारखा नव्हता.

रोग लागणार नव्हता हे खरं. पण टपरीवर त्याचं जे कारण दिलं जात होतं, ते बरोबर नव्हतं. "एवढ्या आगीतून आलं, सारे जंतू जळाले असतील," असं एकजण ठामपणे म्हणाला. आगीवर इतका भरवसा ठेवू नये. उल्का पडते तेव्हा बाहेरून वितळते, पण जळण्याचा वेळ काही सेकंदांचा असल्यानं तिचा गाभा थंड राहू शकतो. खरं कारण साधं आहे: ते कडं परक्या जगातून आलंच नव्हतं. अभ्यासकांनी कक्षेचा हिशेब मांडला तेव्हा ते चीनच्या चँग झेंग ३बी रॉकेटच्या, फेब्रुवारी २०२१ मध्ये उडालेल्या तिसऱ्या टप्प्याचा भाग असावं, असं निघालं. वर्षभर तो पृथ्वीभोवतीच घिरट्या घालत होता. त्यावर जंतू असलेच तर कारखान्यातल्या कामगाराच्या हातचे. हात लावू नये तो वेगळ्याच भीतीनं: अशा भागांत कधीकधी विषारी इंधनाचा अंश उरलेला असतो.

आपली भीती नेहमी वरून खाली येणाऱ्या गोष्टींची असते. अंतराळ संशोधनातली मोठी डोकेदुखी मात्र उलट्या दिशेची आहे, इथून वर जाणाऱ्या जंतूंची. बेशरमाची झाडं दक्षिण अमेरिकेतून आली आणि आता आपल्या प्रत्येक नाल्याकाठी उभी आहेत. ती परत पाठवायची म्हटलं तर जमेल का? मंगळाचं तसंच आहे. तिथे कधी जीव होता का, हे शोधायला जायचं आणि शोधायच्या आधी आपलेच जिवाणू सांडून यायचं, यासारखा मूर्खपणा नाही. म्हणून १९६७ च्या बाह्य अंतराळ कराराच्या नवव्या कलमात, परक्या जगांत घातक दूषण होऊ देऊ नये आणि तिथून आणलेल्या पदार्थांनी पृथ्वीचं नुकसान होऊ देऊ नये, अशा दोन्ही बाजू आल्या. भारतही या करारात आहे. नेमके नियम 'कोस्पार' ही शास्त्रज्ञांची आंतरराष्ट्रीय समिती ठरवते. ते मोडले तर कोणी तुरुंगात जात नाही. शब्द पाळायचा, एवढंच.

"पण यान तर पूर्ण निर्जंतुक करूनच पाठवतात ना?" हा समज शिकलेल्या लोकांतही आहे. नाही पाठवत. मंगळावर उतरणाऱ्या यानाच्या पृष्ठभागांवर मिळून तीन लाखांपर्यंत बीजाणू चालतात, चौरस मीटरला सरासरी तीनशेपर्यंत. बीजाणू म्हणजे जिवाणूनं वाईट दिवसांसाठी स्वतःभोवती घातलेलं चिलखत. साध्या उकळीनं ते मरतीलच असं नाही. पूर्ण निर्जंतुक करणं किती अवघड, हे ज्यांच्याकडे तणसावर धिंगरी अळिंबी घेतात त्यांना वेगळं सांगायला नको: ड्रममध्ये तणस चांगलं उकळून घेतलं, हात धुतले, पिशव्या भरल्या, आणि आठ दिवसांनी एका पिशवीच्या कोपऱ्यात बुरशीचा हिरवा डाग. पिशवी उचलून लांब टाकायची, दुसरं काही करता येत नाही.

कुकरमध्ये दाबाखालच्या वाफेनं बीजाणूही मरतात, दवाखान्यातली अवजारं तशीच निर्जंतुक करतात. पण यानातले इलेक्ट्रॉनिक भाग वाफेत कसे शिजवणार? म्हणून १९७५ मध्ये मंगळाकडे निघालेल्या अमेरिकेच्या दोन व्हायकिंग अवतरकांना कोरड्या उष्णतेत ठेवलं होतं, साधारण ११२ अंशांवर, तीस तासांच्या आसपास. कोरड्या हवेत जंतू सावकाश मरतात, म्हणून इतका वेळ. हे इतकं खर्चिक होतं की पुढे सरसकट सगळ्या यानांना ते केलं नाही. आता मुख्यतः गाळलेल्या हवेच्या बंद खोल्या, डोक्यापासून पायापर्यंत झाकलेली माणसं आणि अल्कोहोलनं पुन्हा पुन्हा पुसणं.

या पुसण्याचीही एक गंमत आहे. तणनाशक मारत राहिलं की शेवटी शेतात तेच तण उरतं ज्याला औषध लागू पडत नाही. फ्लोरिडा आणि फ्रेंच गयाना इथल्या, एकमेकींपासून हजारो किलोमीटर दूर असलेल्या, अशाच दोन स्वच्छ खोल्यांत शास्त्रज्ञांना 'टर्सिकॉकस फिनिसिस' हा तोपर्यंत कुठेच नोंद नसलेला जिवाणू सापडला. धुवून पुसून उपाशी ठेवलेल्या खोलीत तोच तग धरून होता.

आपलं मंगळयान तर मंगळावर उतरणारच नव्हतं, मग या नियमांशी त्याचा काय संबंध, असं एका मुलानं वर्गात विचारलं होतं. संबंध आहे. फिरणारं यानही कधीतरी पडू शकतं. म्हणून मंगळाभोवती फिरणारं यान एकतर तेवढं स्वच्छ हवं, नाहीतर पहिल्या वीस वर्षांत ते मंगळावर आदळणार नाही याची ९९ टक्के आणि पन्नास वर्षांत ९५ टक्के खात्री गणितानं द्यावी लागते. चंद्राला एवढा कडकपणा नाही, तिथे जगण्यासारखं काही नसल्यानं बहुतेक कागदी नोंदींवर भागतं. गुरूपाशी मात्र नियम फार जड होतात. युरोपा या चंद्राच्या बर्फाखाली समुद्र असावा, म्हणून इंधन संपत आलेलं गॅलिलिओ यान २००३ मध्ये मुद्दाम गुरूच्या वातावरणात घालून जाळून टाकलं.

परत येणाऱ्या सामानाचं काय? अपोलो ११ च्या तिघांना एकवीस दिवस कोंडून ठेवलं होतं हे पुष्कळांना ठाऊक असतं. कमी सांगितलं जातं ते हे, की समुद्रात उतरल्यावर यानाचं दार उघड्या हवेतच उघडलं होतं. चंद्रावर जंतू असते तर ते तिथेच सुटले असते. पुढे अपोलो १४ नंतर कोंडणंच बंद झालं.

आता आपल्या घरची गोष्ट, जिच्याबद्दल सर्वात जास्त चुकीचं ऐकायला मिळतं. "इस्रोला आभाळात परग्रहावरचे जिवाणू सापडले, नारळीकरांनी शोधले!" हे वाक्य मी भाषणातही ऐकलंय. घडलं ते असं. २० एप्रिल २००५ रोजी हैदराबादहून एक प्रचंड फुगा सोडला गेला. खाली ४५९ किलोचं उपकरण, ३८ किलो द्रवरूप निऑनमध्ये गार केलेलं, त्यात पोलादी नळ्या. निऑनच्या गारठ्यानं हवा नळीत ओढली जाऊन गोठते. २० ते ४१ किलोमीटर उंचीवरची हवा अशी धरून हवाईछत्रीनं खाली आणली. नमुने दोन ठिकाणी स्वतंत्रपणे तपासले गेले, हैदराबादच्या सीसीएमबी या संशोधन संस्थेत आणि पुण्याच्या राष्ट्रीय पेशी विज्ञान केंद्रात. पुण्याच्या आयुका या संस्थेचे खगोलशास्त्रज्ञ जयंत नारळीकर या प्रयोगाचे प्रमुख संशोधक होते. जिवाणूंच्या बारा आणि बुरशीच्या सहा वसाहती वाढल्या. त्यांतल्या तीन जिवाणूंच्या जाती नव्या ठरल्या आणि २००९ मध्ये जाहीर झाल्या: नारळीकरांचे गुरू फ्रेड हॉईल यांच्या नावानं जॅनिबॅक्टर हॉयली, इस्रोच्या नावानं बॅसिलस इस्रोनेन्सिस, आणि बॅसिलस आर्यभट्टाय. अतिनील किरणांपुढे तिघेही जवळच्या नातलगांपेक्षा जास्त टिकाव धरत होते.

हॉईल आणि त्यांचे सहकारी विक्रमसिंघे यांचं म्हणणं, की जीवाची बीजं अंतराळातून येत असतात. नारळीकरांना त्या कल्पनेत रस होता हे उघड आहे. तरीही इस्रोच्या निवेदनात स्पष्ट लिहिलं होतं, की हे जिवाणू पृथ्वीबाहेरचे असल्याचं या अभ्यासातून सिद्ध होत नाही. मला या गोष्टीत सर्वात मोलाचं वाटतं ते हे वाक्य. ४१ किलोमीटरवर जिवाणू सापडला, एवढ्यावरून तो खालून वर गेला की वरून खाली येत होता, हे कळत नाही. नळी कितीही धुतली तरी प्रश्न तोच.

असाच प्रश्न पुढे आणखी एकदा उभा राहिला. जपानचं हायाबुसा २ यान २०२० मध्ये र्युगू या लघुग्रहाची माती घेऊन आलं. नायट्रोजनमध्ये, एकावर एक डब्यांत बंद. तिचा एक कण इंग्लंडच्या प्रयोगशाळेत उघडला तर त्यावर जिवाणूंचे धागे. २०२४ मध्ये संशोधकांनीच सांगून टाकलं: हे पृथ्वीचे आहेत. कण हवेत आल्यानंतर ते दिवसागणिक वाढत गेले आणि पुढे कमी झाले, म्हणजे इथलंच बिऱ्हाड. चांद्रयान ४ ला सप्टेंबर २०२४ मध्ये मंजुरी मिळाली आहे आणि ते चंद्राची माती आणणार आहे. तेव्हा आपल्या प्रयोगशाळांनाही हीच सावधगिरी लागेल, चंद्राच्या जंतूंसाठी नव्हे तर आपल्या हातांसाठी.

आर्यभट्टाच्या नावाच्या जिवाणूचं पुढे काय झालं, हेही सांगतो. तो नंतर साध्या शेतजमिनीत, पिकांच्या मुळांजवळ सापडत गेला. २०१९ मध्ये जनुकांची तुलना करून संशोधकांनी दाखवलं, की तो वेगळी जात नसून फार पूर्वीपासून माहीत असलेला बॅसिलस मेगॅटेरियमच आहे. हे नाव ओळखीचं वाटत नसेल तर कृषी केंद्रात स्फुरद विरघळवणाऱ्या जिवाणूंचं पाकीट मागा आणि मागची बारीक अक्षरं वाचा. पुष्कळ पाकिटांवर ते सापडेल. रोवण्याच्या आधी आमच्याकडे ते बादलीत कालवतात, धानाच्या पऱ्ह्याची पेंढी मुळांकडून त्यात बुडवतात, थोडा वेळ ठेवतात आणि चिखलात उतरतात.