वीर्यतपासणीत शुक्राणू ‘शून्य’ : डोनर हाच पर्याय आहे का?

लग्नाला दोन-तीन वर्षे झाली, मूल नाही, की छत्रपती संभाजीनगर असो वा आसपासची गावे, आधी तपासण्या सुरू होतात त्या सुनेच्या. नवऱ्याची वीर्यतपासणी सोपी आणि स्वस्त असूनही अनेकदा सर्वांत शेवटी होते. त्यात शुक्राणू ‘शून्य’ आले की घर हादरते. डोनरचा पर्याय नेमका कधी, समजून घेऊ.

रिपोर्ट शून्य म्हणजे सगळे संपले?
नाही. शुक्राणू तयार व्हायला साधारण अडीच ते तीन महिने लागतात. मोठा ताप, काही औषधे यांमुळेही संख्या घटते. म्हणून तपासणी पुन्हा करतात. मार्गात अडथळा असेल तर वृषणातून सुईने शुक्राणू काढून ‘इक्सी’ करता येते. त्यात एक शुक्राणू थेट स्त्रीबीजात सोडतात. हे शक्य नसेल किंवा गंभीर आनुवंशिक आजाराचा धोका असेल, तर डोनरचा विचार होतो.

दिराचे किंवा मित्राचे वीर्य चालेल?
परस्पर नाही. 25 जानेवारी 2022 पासून लागू झालेल्या एआरटी कायद्यानुसार वीर्य नोंदणीकृत बँकेतूनच यावे लागते. डोनरचे वय 21 ते 55 हवे. एचआयव्ही, हिपॅटायटिस बी व सी, सिफिलिस या तपासण्या बंधनकारक आहेत. एका डोनरचे वीर्य एकाच जोडप्याला देता येते.

उद्या डोनरने हक्क सांगितला तर?
सांगता येत नाही. कायद्याने मूल त्या जोडप्याचेच, वारसाहक्कही पूर्ण. ऑगस्ट 2024 मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने बीजदात्या मेहुणीचा जुळ्या मुलींवर आई म्हणून हक्क नसल्याचे स्पष्ट केले होते. ते प्रकरण स्त्रीबीजाचे असले, तरी तत्त्व तेच.

निर्णय कोणाचा?
दोघांचा. पती-पत्नीची लेखी संमती आणि आधी समुपदेशन आवश्यक आहे. सासू-सासऱ्यांच्या दबावाखाली केलेली सही म्हणजे संमती नव्हे. नवऱ्याच्या मनात ‘मूल माझे नाही’ ही सल असेल, तर थांबा, समुपदेशकाशी बोला, वेळ घ्या.

क्लिनिकमध्ये काय विचाराल?
• क्लिनिक आणि बँक, दोघांच्या नोंदणीचा क्रमांक
• डोनरच्या तपासण्यांचे रिपोर्ट
• प्रत्येक सायकलचा पूर्ण खर्च, लेखी

मुलगा की मुलगी, हे निवडून देण्याची हमी कोणी देत असेल तर तिथून बाहेर पडा. तो गुन्हा आहे.