वाजवणाऱ्यांचं गाव

फिनलंडच्या पश्चिम किनाऱ्यावर कोक्कोला नावाचं बंदर आहे. तिथून साधारण पन्नास किलोमीटर आत गेलं की पेर्हो नदीच्या खोऱ्यात काउस्तिनेन लागतं. वस्ती चार हजारांच्या थोडी वर. शेती, दूधदुभतं, लाकूडकाम; अलीकडे आसपासच्या लिथियमच्या साठ्यांमुळेही त्याचं नाव घेतलं जातं. पण या गावाची खरी ओळख जुलै महिन्यातली. त्या एका आठवड्यात लोकसंगीत आणि लोकनृत्याचा महोत्सव भरतो आणि गावाच्या लोकसंख्येच्या कितीतरी पट माणसं तिथे लोटतात.

महोत्सव सुरू झाला 1968 साली. तो काळ गावांसाठी बरा नव्हता. फिनलंडची खेडी भराभर रिकामी होत होती. तरुण पोरं शहरांकडे, नाहीतर थेट स्वीडनच्या कारखान्यांकडे निघाली होती. हे स्थलांतर 1969-70 मध्ये शिगेला पोचलं. नाचघरांत टँगो आणि अकॉर्डियनची चलती होती. व्हायोलिनवर पोल्का वाजवणारा खेडूत म्हातारा म्हणजे मागासलेपणाचा नमुनाच. अशा वेळी विल्यो मॅत्तॅलॅ या पत्रकाराने त्या म्हाताऱ्यांनाच मंचावर बसवायचं ठरवलं. लोक येतील का, ही धाकधूक पहिल्याच वर्षी संपली.

मात्र काउस्तिनेनमधलं व्हायोलिन महोत्सवाने आणलेलं नाही. ते तिथे अडीचशे वर्षांहून अधिक काळ वाजतं आहे आणि त्याला जगवलं लग्नांनी. या भागातली जुनी लग्नं अनेक दिवस चालत. नवरीच्या डोक्यावर उंच, चकचकीत मुकुट असे. मिरवणुकीत, जेवणाच्या पंगतीला आणि रात्रभरच्या नाचाला वादक हवेतच. त्यामुळे इथल्या वादनाचा पिंड नाचाचा आहे. ठेका उचलून धरणारा, आघातांनी भरलेला, पाय स्वस्थ बसू देणार नाही असा. नुसतं बसून ऐकायचं हे संगीत नव्हेच. एकोणिसाव्या शतकात या प्रांतात धार्मिक जागृतीच्या लाटा आल्या. कट्टर मंडळींनी व्हायोलिनला सैतानाचं वाद्य ठरवलं, तरी लग्नं काही थांबली नाहीत.

याच गावात 1813 साली जन्मलेल्या क्रेएता हापासालोची गोष्ट वेगळी. तिचं वाद्य कान्तेले, मांडीवर ठेवून छेडायचं तंतुवाद्य. संसार मोठा आणि गरिबी त्याहून मोठी, म्हणून ही बाई कान्तेले घेऊन देशभर गात फिरली. शहरी सुशिक्षितांना तिच्यात आपल्या राष्ट्राचा आत्मा दिसला. एकमान या चित्रकाराने झोपडीत वाजवणारी क्रेएता रंगवली आणि ते चित्र फिनलंडमध्ये घरोघरी ओळखीचं झालं. ती फिरत होती ती पोराबाळांच्या पोटासाठी, हे मात्र त्या कौतुकात जरा मागेच पडलं. लोककलेच्या कौतुकाची ही खोड फक्त तिकडचीच नाही.

मराठी वाचकाला काउस्तिनेनच्या वाद्यमेळात सर्वांत ओळखीची वाटेल ती पायपेटी. दोन-चार व्हायोलिनं, एक डबल बास आणि पायाने भाता मारायची हार्मोनियम, ही इथली ठरलेली बैठक. पॅरिसच्या अलेक्सांद्र दबॅ याने 1842 मध्ये हार्मोनियमचं पेटंट घेतलं. तिथून ते वाद्य एकीकडे भारतात येऊन संगीत नाटकांच्या रंगमंचापुढे बसलं, दुसरीकडे फिनलंडच्या शाळांत आणि घरांत शिरलं. आपल्याकडे पेटी गायकाच्या मागोमाग जाते, त्याची प्रत्येक जागा टिपते. काउस्तिनेनमध्ये ती चालीच्या वाटेला फारशी जात नाही. डावा हात खर्जात मात्रा धरतो, उजवा हात दोन मात्रांच्या मधल्या फटीत स्वरसमूह टाकतो. व्हायोलिनच्या गजाला जो उसळता धक्का मिळतो तो या फटीतून. योगायोग असा, की पहिला महोत्सव भरला तेव्हा आकाशवाणीवर पेटीला बंदी होती. 1940 साली घातलेली ती बंदी 1971 मध्ये सैल झाली. एकाच वाद्याला इकडे परकं म्हणून हाकललं जात होतं आणि तिकडे ते अस्सल गावरान ठरत होतं.

महोत्सवाने कोन्स्ता युल्हॅ या व्हायोलिनवादकाला देशभर पोचवलं. तो 1910 मध्ये जन्मला. त्याच्या ‘पुर्पुरिपेलिमान्नित’ या वाद्यमेळाची स्थापना 1946 सालची. म्हणजे लोकप्रियता दारात आली तेव्हा त्याने साठी गाठत आणली होती. त्याच्या एका रचनेचं नाव ‘कोन्स्ताचा अधिक चांगला वॉल्ट्झ’. आधीचा तितकासा जमला नव्हता, असं सुचवणारा हा मिस्कीलपणा.

गर्दी जमली तेवढ्यावर गाव थांबलं नाही, आणि माझ्या मते काउस्तिनेनचं यश इथे आहे. 1974 मध्ये तिथे लोकसंगीत संस्था निघाली. तिची सुरुवातीची धुरा वाहणारा हेइक्की लाइतिनेन पुढे हेलसिंकीच्या सिबेलियस अकादमीत लोकसंगीत विभागाचा प्रमुख झाला. हा विभाग 1983 चा. म्हणजे गावातलं शहाणपण राजधानीत शिकवलं जाऊ लागलं. 1986 पासून ‘ताल्लारी’ हा व्यावसायिक वाद्यमेळ सरकारी आधारावर याच गावात राहून काम करू लागला.

त्याहून मोलाचं काम माउनो यॅर्वेलॅ याचं. पिढ्यान्‌पिढ्या व्हायोलिन वाजवणाऱ्या घरातला हा माणूस. गावातल्या मुलांना शिकवताना त्याने जी पद्धत बसवली, ती ‘नॅप्पॅरी’ म्हणून ओळखली जाते. तिचं मर्म शिकवण्यापेक्षा मांडणीत आहे. एकच चाल घ्यायची आणि तिचे सोपे-अवघड असे अनेक पदर करायचे. ज्याने व्हायोलिन नुकतंच हातात धरलंय तो मोकळ्या तारा बोटाने छेडतो, थोडा पुढे गेलेला संथ सूर धरतो, तयार झालेला मूळ चाल वाजवतो. आपल्या भजनात टाळ कुणीही उचलावा, तसं इथे कुणालाही पहिल्या दिवसापासून मेळात बसता येतं. नोटेशन असतं, पण भिस्त कानावर. आई-बापही पोरांबरोबर वाजवायला बसतात. या घराण्यातून आणि आसपासच्या मुलांतून ‘जेपीपी’सारखा वाद्यमेळ 1982 मध्ये उभा राहिला. तिमो अलाकोतिलाच्या पायपेटीने त्यात असे स्वरसमूह आणले, जे जुन्या लग्नांत कुणी ऐकले नसतील.

युनेस्कोने डिसेंबर 2021 मध्ये काउस्तिनेनच्या व्हायोलिनवादनाला अमूर्त वारशाच्या प्रातिनिधिक यादीत घेतलं. नोंद झाली ती महोत्सवाची नव्हे, वादनाची आणि त्याच्या भोवतालच्या चालीरीतींची. हा फरक मला फार महत्त्वाचा वाटतो. आपल्याकडचे लोककला महोत्सव पाहिले, की कलावंत सुपारी घेऊन बाहेरून आलेले आणि गाव खुर्च्यांवर बसलेलं, असं चित्र दिसतं. कलावंतांना त्यातून चार पैसे मिळतात, हे चांगलंच. पण तंबू उतरल्यावर त्या गावात ढोलकी वाजवणारं नवं कुणी तयार झालेलं नसतं. काउस्तिनेनमध्ये मंचावर बसणारे आणि समोर बसणारे यांची जागा दिवसातून अनेकदा बदलते. मुख्य मैदानावर तिकीट काढून परदेशी पाहुण्यांचा कार्यक्रम ऐकायचा आणि मग व्हायोलिनची पेटी उघडून एखाद्या कोपऱ्यात अनोळखी माणसांबरोबर पोल्का धरायची, अशी तिथली रीत.

पैशांची ओढाताण त्यांनाही चुकलेली नाही. सार्वजनिक मदतीशिवाय एवढा पसारा उभा राहत नाही. 2020 चा महोत्सव करोनामुळे रद्द झाला. मैदानं त्या जुलैत ओस होती. व्हायोलिनं घरोघरी होतीच.