कसाऱ्याची चढण आणि बीडाचा मॅनिफोल्ड

नाशिकच्या द्वारका चौकात मुंबई-आग्रा महामार्गाला पुण्याचा रस्ता येऊन मिळतो. लासलगाव-पिंपळगावचा कांदा असो की न्हावाशेवा बंदरातून वर आलेला कंटेनर, बहुतेक अवजड माल या चौकाच्या आसपासूनच पुढे जातो. मुंबईकडे निघालेल्या ट्रकला इगतपुरी सोडली की कसारा घाट उतरायचा असतो आणि परतीचा माल भरून तोच चढायचा असतो. शेजारून जाणारा लोहमार्ग इथे ३७ फुटांमागे १ फूट चढतो, आणि तेवढ्यासाठी रेल्वे गाडीला जादा इंजिने जोडते. ट्रकला मात्र चढण स्वतःच्याच इंजिनावर काढावी लागते. समृद्धी महामार्गाचा इगतपुरी ते आमणे हा शेवटचा टप्पा जून २०२५ मध्ये खुला झाला, तरी सह्याद्रीची उंची तीच राहिली. अशा वाटेवरच्या गाडीसाठी एक्झॉस्ट मॅनिफोल्ड घेताना ‘ओरिजिनल की लोकल’ असा वाद घातला जातो. माझ्या मते त्याआधी विचारायला हवे, की हा भाग रोजचे तापणे आणि निवणे किती काळ सोसेल.

सिलिंडरमधला जळका वायू गोळा करून टर्बोपर्यंत पोचवणारा हा बीडाचा ओतीव भाग भरल्या गाडीच्या चढणीत ६०० ते ७०० अंश सेल्सियसचा वायू झेलतो. तो ज्या हेडला आवळलेला असतो, ते हेड पाण्याने थंड राहून शंभर अंशांच्या आसपास असते. सहा सिलिंडरच्या इंजिनावरचा मॅनिफोल्ड ६५० मिलिमीटर लांब आणि त्याचे बीड ५५० अंशांवर गेले असे धरले, तर तो सुमारे ४ मिलिमीटर वाढतो; हेडची वाढ जेमतेम अर्धा मिलिमीटर. उरलेला साडेतीन मिलिमीटरचा फरक जिरवायला जागा नसेल, तर तापलेले बीड आतल्या आत दाबले जाते आणि निवल्यावर मूळ लांबीपेक्षा आखूड होते. टोकाचे स्टड आधी तुटतात ते यामुळेच. बोल्टच्या दर्जाला दोष देऊन नुसते स्टड बदलत राहणे हा उपाय होऊ शकत नाही. उताराला दुसरा मार बसतो. डिझेल तोडले जाते, बीड झपाट्याने निवते, आणि एक्झॉस्ट ब्रेक लावला की अडवलेल्या वायूचा दाब काही इंजिनांत ४ बारपर्यंत जातो. चढणीपेक्षा चढण आणि उतार यांची ही आलटापालटच तडे पाडते. सपाट रस्त्यावर वर्षानुवर्षे टिकलेला माल घाटात लवकर का फुटतो, याचे उत्तर इथे आहे.

मग बीड कोणते? साधे करडे बीड स्वस्त आणि ओतायला सोपे, पण त्यातले ग्रॅफाइट पापुद्र्यांसारखे पसरलेले असते आणि त्याच्या कडांपासून तडा पुढे सरकतो. एसजी आयर्नमध्ये तेच ग्रॅफाइट गोळ्यांच्या रूपात असते. ते ताण अधिक सोसते. त्यात सिलिकॉन सुमारे ४ टक्क्यांपर्यंत वाढवून थोडे मॉलिब्डेनम मिसळले, की सिमो बीड होते. ते जास्त उष्णतेत आपली रचना बदलत नाही आणि त्यावर पोपडेही कमी धरतात. हे ओतकाम महाराष्ट्राला परके नाही. कोल्हापूरच्या शिरोली आणि गोकुळ शिरगाव वसाहतींत वाहनांचे ओतीव भाग पिढ्यान्‌पिढ्या बनत आले आहेत. त्यामुळे ‘कंपनीच्या खोक्याबाहेरचा म्हणजे डुप्लिकेट’ हे समीकरण मला मान्य नाही. बाहेरच्या कारखान्याचा, पण धातूची प्रत लेखी देणारा माल नुसत्या खोक्यावर भरवसा ठेवून घेतलेल्या मालापेक्षा केव्हाही बरा.

अमेरिकेत १९८९ पासून डॉजच्या पिकअपमध्ये कमिन्सचे ५.९ लिटरचे इंजिन बसू लागले. त्याच बी-मालिकेची इंजिने १९९३ साली स्थापन झालेल्या टाटा कमिन्सने जमशेदपुरात बनवली आणि ती आपल्या ट्रकांत आली. तिकडे मॅनिफोल्ड बदलताना अनेकांना जास्त ताकद हवी असते. पण तिथे चांगला मानला गेलेला बदल आपल्याही कामाचा आहे: दोन-तीन तुकड्यांचा, सरकत्या सांध्यांचा मॅनिफोल्ड, ज्यात ती साडेतीन मिलिमीटरची वाढ सांध्यात जिरते. स्टीलच्या नळ्यांचे हेडर मात्र इथे घेऊ नये. टर्बोचे वजन मॅनिफोल्डवरच लटकते, आणि खड्ड्यांच्या रस्त्यावर पातळ नळीचा वेल्ड ते फार काळ पेलणार नाही. शिवाय बीएस-६ गाडीत मॅनिफोल्डला बऱ्याचदा ईजीआरची, म्हणजे थोडा जळका वायू परत इंजिनात नेणारी, वाट जोडलेली असते आणि पुढची धूर शुद्ध करणारी यंत्रणा त्याच उष्णतेवर चालते. तिथे मूळ नंबरचाच भाग घ्यावा. मोटार वाहन कायद्याचे कलम ५२ मूळ रचनेत फेरफार करू देत नाही.

भाडे परवडत नसताना महाग माल कुठून आणायचा, वेल्डिंग करून चालवू, हा आक्षेप खरा आहे. मालकाच्या अडचणीतून तो येतो. निकेलच्या रॉडने, आधी तापवून आणि सावकाश निववून केलेले वेल्ड काही फेऱ्या काढतेही. पण टर्बोच्या आधी वायू गळू लागला की हवेचा दाब घटतो, गाडी चढणीला ओढत नाही, काळा धूर येतो आणि चालक पाय अधिक दाबतो. दोष नोझलवर जातो, पंप उघडला जातो, आणि डिझेलचा जादा खर्च रोज चालूच राहतो. पीयूसीतही हे हमखास सापडत नाही, कारण ती चाचणी उभ्या गाडीला रेस देऊन होते. घाटातला भार तिथे नसतो. गळतीची खूण सांध्याभोवतीच्या काजळीच्या रेघांत शोधावी.

दुकानात माल हातात आला की हलकेच ठोकून पाहावा: एसजी आयर्न घंटेसारखे वाजते, करडे बीड बद्द आवाज देते. सिमो आहे की नाही हे आवाजावरून कळत नाही, त्यासाठी तपासणीचा दाखला मागावा. पोर्टात बोट फिरवावे. ओतकामाची वाळू किंवा बारीक कड आत राहिली, तर ती सुटून मिनिटाला लाखभर फेरे घेणाऱ्या टर्बोच्या चाकावर आदळते. सगळ्या तोंडांवर सरळ पट्टी ठेवून फटीत फीलर गेज सरकवावा, आणि तोंडे एका पातळीत नसतील तर आवळून बसतील या आशेवर न राहता फेसिंग मारून घ्यावे. बसवताना पॅकिंग आणि स्टड नवे असावेत, मधल्या सिलिंडरपासून टोकांकडे टप्प्याटप्प्याने आवळावेत, आणि भरल्या गाडीची पहिली कसारा फेरी झाली की इंजिन पूर्ण निवल्यावर तेच स्टड पुन्हा एकदा टॉर्क पान्याने तपासावेत.