कुंडीतली माती, पानातलं औषध

वाळा हा साप महाराष्ट्रात पावसाळ्याच्या तोंडावर मोरीत, कुंडीखालच्या ओलीत दिसतो आणि बहुतेक वेळा गांडूळ समजला जातो. जेमतेम वीतभर लांब, बिनविषारी, जवळजवळ आंधळा. मूळचा दक्षिण आशियातला मानला जाणारा हा साप आज अंटार्क्टिका सोडून सगळ्या खंडांवर पोचला आहे, आणि तो पोचला मुख्यतः शोभेच्या रोपांच्या मुळांभोवतीच्या मातीतून. त्याच्यात नर नसतात. मादी नराशिवाय अंडी घालते, त्यामुळे एका कुंडीतून एकच साप गेला तरी नव्या देशात वस्ती उभी राहते.

घरी इग्वाना, शॅमेलिऑन किंवा गेको पाळणाऱ्यांना हे ठाऊक असलेलं बरं. काचपेटीत खरं झाड लावायचं ठरलं की पहिला प्रश्न येतो, 'हे झाड विषारी तर नाही ना?' प्रश्न रास्त आहे, पण बरेच जण तिथेच थांबतात. यादीत नाव बघितलं, 'सुरक्षित' असं दिसलं, की नर्सरीतून रोप आणून त्याच दिवशी पेटीत ठेवलं जातं. खरी जोखीम मात्र झाडाच्या जातीपेक्षा ते कुठे वाढलं, त्यावर काय फवारलं गेलं आणि मुळांशी काय चिकटून आलं यात जास्त असते.

विषारी झाडांच्या याद्यांपासूनच सुरुवात करू. इंटरनेटवर फिरणाऱ्या बहुतेक याद्या कुत्री, मांजरं आणि घोडे यांच्यासाठी केलेल्या असतात. सरपटणाऱ्या प्राण्यांवर या झाडांचा काय परिणाम होतो याचा अभ्यास त्या मानाने फारच कमी झालेला आहे. मनी प्लांटचंच उदाहरण घ्या. जवळजवळ प्रत्येक यादीत ते 'विषारी' म्हणून येतं. तरीही अमेरिकेत शॅमेलिऑन पाळणारे वर्षानुवर्षं पिंजऱ्यात मनी प्लांट लावत आले आहेत, आणि येमेन-सौदी भागातला व्हेल्ड शॅमेलिऑन तर अधूनमधून त्याची पानं कुरतडतोसुद्धा.

हे कसं, ते मराठी घरात समजावून सांगायला फार वेळ लागू नये. मनी प्लांट अळूच्याच कुळातलं. अळू कच्चं राहिलं की घसा खवखवतो, म्हणून फदफद्यात चिंच किंवा आमसूल पडतं. ही खाज कॅल्शियम ऑक्झलेटच्या सुईसारख्या स्फटिकांमुळे येते. हे स्फटिक पाण्यात विरघळत नाहीत, तोंडाच्या आणि घशाच्या आतल्या त्वचेत टोचतात. थोडं चावलं तर जळजळ होते, प्राणी बहुधा तोंड काढून घेतो. डिफेनबेकिया त्याच कुळातलं, पण त्याचा त्रास बराच जास्त, ते पेटीत नकोच. पालकात आणि राजगिऱ्यात असतं ते ऑक्झलेट बरंचसं विरघळणारं. ते आतड्यात कॅल्शियमला धरून ठेवतं, आणि रोजच्या खाण्यात आलं तर शाकाहारी सरड्याच्या हाडांना कॅल्शियम कमी पडू शकतं. दोन्हींचं नाव एकच असलं तरी धोक्याचा प्रकार वेगळा आहे. यादी हा फरक सांगत नाही.

काही झाडांबाबत मात्र चर्चेला जागाच नाही. कण्हेर, पिवळी कण्हेर म्हणजेच बिट्टी, अडेनियम आणि रुई यांतली द्रव्यं थेट हृदयाच्या ठोक्यांवर काम करतात. धोत्रा, एरंड, गुंज, घाणेरी, सदाफुली हीसुद्धा बाहेरच राहावीत. यांतली बरीचशी बंगल्यांच्या कुंपणांवर आणि सोसायट्यांच्या बागांत सर्रास असतात, आणि चढायला फांदी हवी म्हणून लोक तिथूनच तोडून आणतात.

'जनावराला आपोआप कळतं काय खायचं नाही ते' हे वाक्य प्राणी पाळणाऱ्यांत इतकं पक्कं बसलं आहे की त्याला एक नोंदलेली घटना सांगणं भाग आहे. अमेरिकेत पाळलेल्या बिअर्डेड ड्रॅगन सरड्यांनी फोटिनस प्रजातीचे काजवे खाल्ले आणि ते मेले. 1999 साली याबद्दलचा शोधनिबंध प्रसिद्ध झाला. त्या काजव्यांच्या अंगात हृदयावर परिणाम करणारी द्रव्यं असतात आणि एखादा काजवासुद्धा अशा सरड्याला पुरतो. बिअर्डेड ड्रॅगन ऑस्ट्रेलियाचा. त्याच्या पूर्वजांची या काजव्यांशी कधी गाठच पडली नव्हती, मग ओळख कुठून येणार? जन्मापासून काचेत वाढलेल्या, दुसऱ्या खंडातल्या प्राण्यासमोर पुण्यातल्या नर्सरीतलं रोप ठेवलं तर तिथेही हाच विचार लागू होतो.

आता फवारणी. नर्सरीत 'औषध मारणं' ही रोजची गोष्ट आहे, आणि त्यात नर्सरीवाल्याचा दोष नाही. तो झाड विकतो, ते कोणाच्या पेटीत जाणार हे त्याला माहीत नसतं. जास्वंद घ्या. शाकाहारी सरड्यांसाठी जास्वंद उत्तम, पानंही चालतात, फुलंही चालतात. पण जास्वंदावर पिठ्या ढेकूण आणि मावा इतका पडतो की ते न फवारता विक्रीयोग्य ठेवणं अवघड जातं. म्हणजे यादीत ज्याच्यापुढे 'सुरक्षित' लिहिलेलं असतं, तेच रोप आणलं त्या दिवशी सर्वांत धोकादायक असू शकतं.

'आणल्यावर स्वच्छ धुतलं की झालं' हा यातला सगळ्यांत महागात पडणारा समज. पानावर बसलेलं औषध धुऊन जातं, हे खरं. पण इमिडाक्लोप्रिडसारखी कीटकनाशकं आंतरप्रवाही असतात. मातीत दिली तरी मुळं ती शोषून घेतात आणि ती रसाबरोबर पानापर्यंत चढतात. किडीने रस शोषला की तिला विष मिळावं, हीच तर त्यांची योजना असते. अशी औषधं झाडात आणि मातीत महिनोन्महिने टिकू शकतात. युरोपीय संघाने 2018 मध्ये मधमाश्यांच्या काळजीने इमिडाक्लोप्रिडसह या गटातल्या तीन औषधांचा उघड्या शेतातला वापर बंद केला, पण कायम बांधकामाच्या हरितगृहांतला वापर तेव्हा त्यातून वगळला. शोभेची रोपं बऱ्याचदा हरितगृहातच वाढतात. म्हणजे 'परदेशी नर्सरीचं आहे' याचा अर्थ फवारलेलं नाही, असा होत नाही.

त्यावर काहींचं उत्तर तयार असतं. 'आमचा गेको पानं खातच नाही, तो किडे खातो.' पण पेटीत सोडलेले रातकिडे पान कुरतडतात आणि मग गेको रातकिडे खातो. शिवाय शॅमेलिऑन आणि झाडावर राहणारे बरेच गेको वाटीतलं पाणी फारसं ओळखत नाहीत, ते पानावरचे थेंब चाटतात. पानावर जे आहे ते अशा दोन वाटांनी पोटात जातं. बायोअ‍ॅक्टिव्ह पेटी असेल, म्हणजे विष्ठा आणि कुजका पाला खाऊन माती साफ ठेवणारे स्प्रिंगटेल आणि आयसोपॉड तिच्यात सोडलेले असतील, तर औषधाचा पहिला फटका त्यांनाच बसतो.

'सेंद्रिय' हा शब्दही इथे फार उपयोगी पडत नाही. तंबाखूचा अर्क हा घरगुती उपाय म्हणून अजूनही सांगितला जातो, पण निकोटीन हे अत्यंत जालीम विष आहे. पायरेथ्रम शेवंतीच्या कुळातल्या फुलांपासून मिळतं, तरी जास्त मात्रेत सरपटणाऱ्या प्राण्यांच्या मज्जासंस्थेवर त्याचा परिणाम होतो. कडुनिंबाचं तेल तुलनेने सौम्य, मात्र त्यातलं अझाडिरॅक्टिन किड्यांची वाढ रोखतं, आणि आयसोपॉड पाळायचे असतील तर ते त्याच मातीत नको. कच्चं शेणखत नैसर्गिकच आहे, पण बंद काचेत त्यातून अमोनिया सुटतो आणि त्याबरोबर जिवाणू येतात ते वेगळेच.

मग रोप तयार करायचं कसं? जास्वंदाचं रोप नर्सरीच्या काळ्या पिशवीतून काढलं की मुळांभोवती मातीचा घट्ट गोळा असतो. लाल माती, शेणखत, कोकोपीट, कधी पांढऱ्या पर्लाइटच्या कण्या. हा गोळा बादलीतल्या पाण्यात बुडवून हाताने सोडवत गेलं की माती खाली बसते आणि पर्लाइट वर तरंगतं. त्यातच कधी पिवळसर गोल दाणे हाताला लागतात. बियांसारखे दिसणारे हे दाणे हळूहळू सुटणाऱ्या रासायनिक खताचे असतात. सरडा किंवा कासव ते गिळू शकतं, आणि पर्लाइटच्या पांढऱ्या कण्याही उचलून खाऊ शकतं, ज्या पोटात अडकायची भीती असते. मुळांच्या जाळ्यात पारदर्शक साबुदाण्यासारखी गोगलगाईची अंडी दिसली तर ती बोटाने काढून टाकावीत. पाणी बदलत, मुळं जवळजवळ उघडी पडेपर्यंत हे करायचं. घाई केली तर मधला गोळा तसाच राहतो, आणि मातीत दिलेलं औषध नेमकं तिथेच असतं.

पानं साध्या पाण्याने दोन्ही बाजूंनी पुसायची, खालची बाजू विशेष करून, कारण मावा आणि कोळी कीड तिथेच लपते. चमक आणणारा फवारा मारलेला असेल तर पानाला बोट लावताच चिकटपणा कळतो. मग खत आणि औषध नसलेल्या नव्या मातीत रोप लावून ते पेटीपासून दूर ठेवायचं. किती दिवस? नुसतं शोभेचं झाड, ज्याला कोणी तोंड लावणार नाही, त्याला काही आठवडे ठीक. खाल्लं जाणार असेल तर काही महिने हवेत. त्या काळात जुनी पानं काढत जावीत आणि नवी पालवी येऊ द्यावी. नुकतंच आणलेलं रोप अनेकदा पानं टाकतं, तो हवाबदल झाल्याचा ताण असतो, त्याने घाबरून पुन्हा खत घालू नये.

खायच्या झाडांसाठी याहून सोपा मार्ग आहे. शेजारच्या बाल्कनीत किंवा गावच्या अंगणात वर्षानुवर्षं न फवारलेली जास्वंद असेल तर तिची फांदी आणून घरीच रुजवावी. जास्वंद, मनी प्लांट, स्पायडर प्लांट ही सगळी फांदीवर किंवा फुटव्यावर लागणारी झाडं आहेत. कासवासाठी ट्रेमध्ये हरळी रुजवता येते. महागड्या 'रेप्टाइल सेफ' रोपांपेक्षा ही वाट जास्त भरवशाची, कारण पहिल्या दिवसापासून झाडाचा इतिहास पाळणाऱ्याला माहीत असतो.

'ब्लीचमध्ये बुडवलं की सगळं मरतं' असंही ऐकू येतं. घरगुती ब्लीच एक भाग आणि पाणी वीस भाग, अशा द्रावणात पानं काही मिनिटं बुडवून नंतर भरपूर धुणं, ही रुळलेली पद्धत आहे. पानावरचे बरेच जिवाणू आणि शेवाळ त्याने जातं. नाजूक नेचे मात्र करपतात, आणि मुळं त्यात बुडवू नयेत. आंतरप्रवाही औषधावर ब्लीचचा काहीही परिणाम होत नाही. क्रिप्टोस्पोरिडियम या परजीवीवरही होत नाही. अमेरिकेतल्या मिलवॉकी शहरात 1993 साली याच कुळातला परजीवी नळाच्या क्लोरीन घातलेल्या पाण्यातून पसरला आणि सुमारे चार लाख माणसं आजारी पडली. सापांना आणि सरड्यांना होणारे क्रिप्टोचे प्रकार वेगळे आहेत, पण त्यांची कवचबंद बीजंही तितकीच चिवट असतात. लेपर्ड गेकोला हा आजार झाला की तो खंगत जातो, शेपटी काडीसारखी होते, आणि खात्रीचा इलाज नाही. म्हणून आजारी किंवा मेलेल्या प्राण्याच्या पेटीतलं झाड कितीही देखणं असलं तरी दुसऱ्या पेटीत हलवू नये. मित्राने त्याच्या पेटीतलं रोप भेट दिलं तरी हाच नियम.

पेटीत लावताना कुंडीसकट ठेवणं अनेकदा जास्त सोयीचं पडतं. झाड बिघडलं तर माती न ढवळता काढता येतं. कुंडीच्या मातीवर प्राण्याच्या डोक्यापेक्षा मोठे गुळगुळीत दगड पसरले की उकरणं आणि माती खाणं थांबतं. इग्वाना शेपटीसह दीड मीटर सहज होतो, तेव्हा हलकी प्लॅस्टिक कुंडी त्याच्या वजनाने कलंडणारच.

हवामानही जुळावं लागतं. नेचे आणि शेवाळ दिसायला सुंदर, पण त्यांना लागणारी ओल बिअर्डेड ड्रॅगनच्या छातीला आणि त्वचेला मानवत नाही. कोरड्या प्रदेशातल्या प्राण्यासाठी हॉवर्थिया किंवा बिनकाट्याचं फड्या निवडुंग बरं. यूव्हीबी दिवा आहे म्हणून झाडाला उजेड मिळतो, हाही गैरसमजच. तो दिवा प्राण्याच्या त्वचेत जीवनसत्त्व ड तयार व्हावं म्हणून असतो. झाडाला मुख्यतः दृश्य प्रकाश लागतो, त्यासाठी वेगळा एलईडी लावावा.

भारतातल्या वाचकांसाठी कायद्याची एक बाब इथे जोडायला हवी. स्टार कासव, घोरपड, आपल्याकडचा शॅमेलिऑन हे वन्यजीव संरक्षण कायद्याखाली येतात. ते पाळणं गुन्हा आहे, पेटी कितीही चांगली सजवली तरी. हिरवा इग्वाना, बॉल पायथन यांसारख्या, साइट्स (CITES) या आंतरराष्ट्रीय वन्यजीव-व्यापार कराराच्या यादीतल्या विदेशी प्राण्यांची सरकारच्या परिवेश पोर्टलवर नोंदणी करावी लागते.

आणि पेटीतून बाहेर येणाऱ्या झाडाचं काय? सरपटणारे प्राणी धडधाकट दिसत असूनही विष्ठेतून साल्मोनेला जिवाणू बाहेर टाकू शकतात. लहान मुलांना होणाऱ्या संसर्गामुळेच अमेरिकेने 1975 साली चार इंचांपेक्षा लहान कवचाची कासवं विकायला बंदी घातली. त्यामुळे पेटीतली कुंडी स्वयंपाकघराच्या सिंकमध्ये धुऊ नये, तिची माती तुळशीच्या किंवा कढीपत्त्याच्या कुंडीत टाकू नये, आणि इग्वानासाठी पेटीत पुदिना लावला असेल तर चटणीसाठीचा पुदिना बाजारातूनच आणावा.