तेरा भागांपासून तीन हजारांपर्यंत

‘चार दिवस सासूचे’ असं नाव असलेली मालिका अकरा वर्षं चालली. २००१ साली ई टीव्ही मराठीवर सुरू झालेली ही गोष्ट २०१३च्या जानेवारीत आटोपली, तोवर तिचे तीन हजारांहून अधिक भाग झाले होते. रोहिणी हट्टंगडी आणि कविता लाड यांची सासू-सून बघत शाळेत जाणारी मुलं कॉलेज संपवून नोकरीला लागली. घरोघरी कुकरच्या शिट्ट्या त्या मालिकेच्या वेळेवर बेतलेल्या असत. ही मालिका पुन्हा पहिल्यापासून बघू या, असं मात्र आज तिचे निष्ठावान प्रेक्षकही म्हणत नाहीत.

‘प्रपंच’चं नेमकं उलटं झालं. अल्फा मराठीच्या सुरुवातीच्या दिवसांत आलेली, प्रतिमा कुलकर्णींनी लिहिलेली आणि दिग्दर्शित केलेली ही साप्ताहिक मालिका. समुद्रकाठचं जुनं घर, त्यात मावेल तेवढं एकत्र कुटुंब, आणि सुधीर जोशी, प्रेमा साखरदांडे, संजय मोने, रसिका जोशी, सुनील बर्वे, भरत जाधव अशी माणसं. तिचे सगळे भाग ‘चार दिवस’च्या एका वर्षाच्या पोटात सहज मावले असते. तरीही चांगली मराठी मालिका कोणती, असा विषय निघाला की दोन-तीन नावांनंतर कुणीतरी ‘प्रपंच’ म्हणतंच. त्या घरात खलनायक नव्हता. माणसं एकमेकांवर रुसत, पैशांवरून कुरबुरत, घराचं पुढं काय करायचं यावर त्यांचं एकमत होत नसे; आणि एवढ्या भांडवलावर प्रतिमा कुलकर्णी अर्धा तास खिळवून ठेवत.

मराठी मालिकांच्या जवळपास पाच दशकांकडे वळून पाहिलं की हाच हिशेब पुन्हा पुन्हा समोर येतो. मालिका बघण्याजोगी ठरली ती विषयामुळे कमी आणि लांबीची दोरी कुणाच्या हातात होती यामुळे जास्त.

दूरदर्शनच्या काळात ती दोरी सरकारी नियमाच्या हातात होती, आणि हे मराठी मालिकांच्या पथ्यावरच पडलं. मुंबई केंद्र २ ऑक्टोबर १९७२ला सुरू झालं. विनायक चासकरांच्या ‘गजरा’नं छोट्या प्रहसनांची चटक लावली आणि सत्तरच्या दशकाच्या उत्तरार्धात चिं. वि. जोशींचे चिमणराव कृष्णधवल पडद्यावर आले. दिलीप प्रभावळकरांचा चिमणराव आणि बाळ कर्वेंचा गुंड्याभाऊ बघायला अख्खी चाळ एका टीव्हीसमोर दाटीवाटीनं बसे. सेट स्टुडिओतला, भिंतींना हात लागला तर हलतील असा. पण चिं. विं.च्या वाक्यांना तालमीत मुरलेल्या नटांनी हात घातला होता. दूरदर्शन त्या काळात टेपा पुसून पुन्हा वापरत असे, त्यामुळं तेव्हाच्या कितीतरी कार्यक्रमांबद्दल आता फक्त ऐकायचं.

पुढं प्रायोजित मालिकांचा जमाना आला आणि तेरा हा आकडा रूढ झाला. तेरा आठवडे म्हणजे एक तिमाही. मंजुरी तेवढ्याची, फार तर आणखी तेराची मुदतवाढ. लेखकाला पहिला भाग लिहितानाच तेरावा दिसत असे. रणजित देसाईंच्या कादंबरीवरची ‘स्वामी’ अशा मापात बसली. गजानन जागीरदारांचं दिग्दर्शन, रवींद्र मंकणींचे माधवराव आणि शाळकरी वयातल्या मृणाल देव यांच्या रमाबाई. आजच्या ऐतिहासिक मालिकांमधले ड्रोन आणि संगणकी फौजा पाहून ‘स्वामी’कडे वळलं तर ती अगदी गरीब वाटते. शनिवारवाड्यात माणसं मोजकीच, लढाई बहुतेक वेळा बातमीतूनच कळायची. पण थोरल्या माधवरावांचं खंगत जाणं त्या मालिकेत जसं अंगावर येतं, तसं पुढच्या कित्येक भव्य मालिकांना साधलेलं नाही.

रोजच्या मालिकेची सवय लावण्यात दूरदर्शनचाही हात आहे. १९९७च्या सुमारास आलेल्या ‘दामिनी’त प्रतीक्षा लोणकरांनी पत्रकार नायिका उभी केली आणि दुपारची कामं तिच्या वेळेभोवती फिरू लागली. पण खरा बदल १५ ऑगस्ट १९९९नंतरचा, अल्फा टीव्ही मराठी सुरू झाल्यावरचा. ‘आभाळमाया’ ही त्या वाहिनीची ओळख. विनय आपटेंचं दिग्दर्शन. सुकन्या कुलकर्णींची सुधा, मनोज जोशींचा शरद आणि या दोघांच्या मध्ये हर्षदा खानविलकरांची चिंगी. नवऱ्याचं दुसरं नातं हा विषय पुढं मराठी मालिकांनी चिंध्या होईपर्यंत वापरला. सुधाजवळ मात्र नोकरी होती, मत होतं आणि चिडचिडही होती. ती देव्हाऱ्यासमोर रडत बसली नाही. पहिली दोन वर्षं ही मालिका आजही बघता येते; नंतर तिच्यातही पाणी पडलं.

(एक आडवळण घ्यायला हरकत नाही. ‘गोट्या’, ‘आभाळमाया’, ‘वादळवाट’ या तिन्हींची शीर्षकगीतं अशोक पत्कींची. या मालिकांची कथानकं धड न आठवणारी माणसं चाली बिनचूक गुणगुणतात.)

त्याच अल्फावर २००१मध्ये ‘श्रीयुत गंगाधर टिपरे’ आली. वृत्तपत्रातल्या सदरातून प्रभावळकरांचं ‘अनुदिनी’ हे पुस्तक झालं होतं आणि पुस्तकावरून केदार शिंदेंनी ही मालिका केली. आठवड्याला एक भाग, एका भागात घरातली एक लहानशी अडचण, आणि आबांची रोजनिशी. घरात माणसं पाच. आबा (खुद्द प्रभावळकर), मुलगा शेखर (राजन भिसे), सून श्यामला (शुभांगी गोखले), नात शलाका (रेश्मा नाईक) आणि नातू शिऱ्या (विकास कदम). ‘क्योंकि सास भी कभी बहू थी’ सुरू होऊन तेव्हा वर्ष उलटलं होतं आणि देशभरच्या पडद्यावर सासवा सुनांचा छळ करत होत्या. टिपऱ्यांच्या घरात सासूच नाही. तिथं सासऱ्याचं आणि सुनेचं गूळपीठ आहे, आणि शेखर चिडला की दोघं एकमेकांकडे बघून गप्प बसतात.

प्रभावळकर तेव्हा साठीतही पोचले नव्हते. आबांचं वय त्यांनी केसांना पांढरा रंग लावून आणलं नाही. उठताना क्षणभर थांबणं, तरुणांच्या बोलण्यातला एखादा शब्द उशिरा कळणं, कळल्यावर आपल्याला आधीच ठाऊक होतं असं दाखवणं, अशा बारीक जागांतून ते दिसतं. आबा उपदेशही करत नाहीत. ते वहीत लिहितात. घरातल्यांना जे सांगता येत नाही ते प्रेक्षकांना सांगतात. म्हणून मालिका हसवताना कुणाला खाली बघायला लावत नाही. लोकप्रिय असतानाच ती २००५च्या आसपास थांबली. ज्याला एकच मराठी मालिका बघायची आहे, त्यानं हीच बघावी.

‘वादळवाट’बद्दल मतभेद होतात. अभय परांजपेंचं लेखन, मंदार देवस्थळींचं दिग्दर्शन, आदिती सारंगधर यांची वकील रमा चौधरी आणि शरद पोंक्षेंचा देवराम खंडागळे. अरुण नलावडेंचे आबा चौधरी हे त्यातलं सर्वांत भरीव पात्र. गुंड आणि राजकारण यांची सांगड मराठी दैनंदिन मालिकेत इतक्या आत्मविश्वासानं आधी कुणी घातली नव्हती. पण चार वर्षांत रमावर जितकी संकटं आली, तितकी एका वकिलाच्या सगळ्या अशिलांवर मिळूनही येत नसतील.

संकटं का येतात, याचं उत्तर धंद्याच्या गणितात आहे. साप्ताहिक मालिकेला वर्षाला ५२ भाग लागतात, आठवड्यातून सहा दिवस चालणाऱ्या मालिकेला तीनशेच्या वर. कथा एक जण रचतो, पटकथा दुसरा बांधतो, संवाद तिसरा लिहितो आणि पुष्कळदा ते चित्रीकरणाच्या दिवशी सकाळी सेटवर पोचतात. हाताशी तयार भागांची ‘बँक’ चार-सहा दिवसांची. गुरुवारी टीआरपी आला की कुठला ट्रॅक वाढवायचा आणि कुठला गुंडाळायचा ते ठरतं. चाललेला स्लॉट वाहिनी सोडत नाही, कारण नव्या मालिकेला तिथं पुन्हा शून्यापासून प्रेक्षक जमवावा लागतो. मग स्मृतिभ्रंश, अपहरण, हमशकल, आणि अगदीच अडलं तर लीप, म्हणजे कथेत एकदम काही वर्षांची उडी. ‘माझ्या नवऱ्याची बायको’ (२०१६ ते २०२१) हा याचा नमुना. अनिता दातेंची नागपूरकडची राधिका सुरुवातीला वऱ्हाडी ठसक्यात बोलू लागली तेव्हा पुण्या-मुंबईच्या मराठीला कंटाळलेला प्रेक्षक खूश झाला. पुढं तिच्या मसाल्यांची शेकडो कोटींची कंपनी झाली, आणि नवऱ्याला, गुरुनाथला, धडा शिकवण्याचं दळण साडेचार वर्षं चाललं.

या गणिताविरुद्ध जायचे प्रयत्न झाले, आणि त्यांत एक नाव सारखं येतं: सतीश राजवाडे. ‘असंभव’मध्ये त्यांनी पुनर्जन्माची गोष्ट रहस्यासारखी सांगितली. २००८च्या अखेरीस स्टार प्रवाह सुरू झालं तेव्हा श्रीरंग गोडबोलेंबरोबर ‘अग्निहोत्र’ आणली. नाशिकचा वाडा, विखुरलेलं अग्निहोत्री घराणं आणि आठ गणपती. विक्रम गोखले, विनय आपटे, मोहन जोशी, गिरीश ओक ही मंडळी एका मालिकेत बघायला मिळणं हाच सण होता. २०१२मध्ये ‘एका लग्नाची दुसरी गोष्ट’ आली. मुक्ता बर्वे आणि स्वप्नील जोशी यांचं घटस्फोटाच्या बोलीवर ठरलेलं लग्न. आठवड्यातून सहा दिवस चालणारी असूनही ती आठ महिन्यांच्या आत, ठरल्याप्रमाणं संपली. प्रेक्षक हळहळले. हळहळत संपलेली दैनंदिन मालिका ही तेव्हा नवलाईच होती.

त्याच वर्षी सुरू झालेली ‘उंच माझा झोका’ही वर्ष-सव्वा वर्षात थांबली. रमाबाई रानड्यांचं बालपण तेजश्री वालावलकरनं इतकं जिवंत केलं की पुढची, स्पृहा जोशींची कर्तबगार रमा त्यापुढं थोडी शहाण्यासारखी वागते. २०१५ची ‘दिल दोस्ती दुनियादारी’ ‘फ्रेंड्स’च्या वाटेनं गेली हे उघड आहे. पण ‘माजघर’ नावाच्या फ्लॅटमधली ती सहा पोरं प्रायोगिक नाटकांच्या तालमीतून आल्यासारखी एकमेकांच्या वाक्यात वाक्य मिसळत. त्यांतली सखी गोखले ही टिपऱ्यांच्या श्यामलाची खरी मुलगी. हाच संच घेऊन २०१७मध्ये ‘दिल दोस्ती दोबारा’ झाली आणि फसली. ‘अग्निहोत्र’चा दुसरा भागही रुजला नाही. गाजलेल्या पदार्थाची दुसरी वाढ मराठी प्रेक्षक सहसा पानात घेत नाही.

याला ठसठशीत अपवाद ‘रात्रीस खेळ चाले’चा. २०१६चा पहिला भाग अण्णा नाईकांच्या मृत्यूनं सुरू झाला. सिंधुदुर्गातल्या आकेरीचा वाडा, दिवसकार्याला जमलेली भावंडं, इस्टेटीवरून कुजबुज. अंधश्रद्धा पसरते, कोकणची बदनामी होते, अशी ओरड झाली. ती अगदीच निराधार नव्हती, पण त्या वाड्यातली भुतं माणसांपेक्षा सौम्य होती, हे ओरडणाऱ्यांच्या नजरेतून सुटलं. २०१९च्या दुसऱ्या भागात गोष्ट मागं गेली आणि अण्णा जिवंत झाले. माधव अभ्यंकरांचा अण्णा लंपट, कंजूष, क्रूर आहे आणि त्याच्यावरून नजर हटत नाही. अपूर्वा नेमळेकरांच्या शेवंताला तर भुतापेक्षा मोठं वलय मिळालं. बोली मालवणी, तीही दिवाणखान्यासाठी धुऊन-पुसून न घेतलेली. संवाद लिहिणारे प्रल्हाद कुडतरकर स्वतःच पांडू झाले आणि त्यांचं ‘इसारलंय’ महाराष्ट्रभर पसरलं. तिसऱ्या भागाबद्दल न बोललेलं बरं.

२०२०च्या मार्चमध्ये करोनामुळं चित्रीकरणं बंद पडली आणि भागांच्या बँका किती उथळ असतात ते दिसलं. काही दिवसांतच वाहिन्यांवर जुने भाग फिरू लागले. २०२१च्या एप्रिलमध्ये महाराष्ट्रात पुन्हा बंदी आली तेव्हा युनिटं गोवा, दमण, सिल्वासाला गेली. मुंबईच्या दिवाणखान्यातली भांडणं एकाएकी रिसॉर्टच्या हिरवळीवर होऊ लागली. मे महिन्यात गोव्यानंही परवानग्या मागं घेतल्या आणि पात्रांना पुन्हा सामान बांधावं लागलं.

त्या काळात सर्वांत जास्त चर्चा झाली ती ‘आई कुठे काय करते’ची. मूळ बंगाली ‘श्रीमोयी’. तिचीच हिंदी बहीण ‘अनुपमा’. मधुराणी प्रभुलकरांची अरुंधती पंचवीस वर्षांचा संसार करून एक दिवस घटस्फोटाच्या कागदावर सही करते, तिथपर्यंतची मालिका मनापासून बघावी. मुग्धा गोडबोलेंचे संवाद त्या टप्प्यात घरातल्या घरात ऐकू येणारे आहेत. त्यानंतर तिचं गाणं, दुसरं लग्न, दुसऱ्या नवऱ्याचा मृत्यू असं करत ती २०२४च्या नोव्हेंबरपर्यंत गेली.

आखूड मालिका मोबाइलवर परतल्या. वरुण नार्वेकरांची ‘आणि काय हवं’ (२०१९) ही त्यांतली सर्वांत निगुतीची. प्रिया बापट आणि उमेश कामत हे जोडपं, आणि नव्या संसारातला एकेक पहिला प्रसंग. भाग इतके छोटे, की चहा निवायच्या आत संपावेत. ‘रानबाजार’नं २०२२मध्ये गवगवा मोठा केला, पण बाहेर बोभाटा झाला त्याच्या निम्माही जीव आत नव्हता. सुहास शिरवळकरांच्या कादंबरीवरची ‘समांतर’ २०२०मध्ये आली. पहिला मोसम नऊ भागांचा, घट्ट बांधलेला, दिग्दर्शक पुन्हा सतीश राजवाडे.

राजवाडे तेव्हा स्टार प्रवाहची सूत्रं सांभाळू लागले होते. आठ महिन्यांत गोष्ट संपवणाऱ्या या दिग्दर्शकाच्या काळात त्या वाहिनीनं टीआरपीत झी मराठीला, म्हणजे पूर्वीच्या अल्फाला, मागं टाकलं, आणि ते रोजच्या, वर्षानुवर्षं चालणाऱ्या मालिकांच्या बळावर. ‘आई कुठे काय करते’ची पाच वर्षं त्याच काळातली.