दीर्घिकेची शीव कोठे?

गावाची शीव कोठे संपते हे घरे मोजून ठरवता येत नाही. घरांच्या पलीकडे मळे असतात, गायरान असते, ओढा असतो. ते सारे गावाचेच. दीर्घिकांच्या बाबतीत मात्र खगोलशास्त्रज्ञांनी फार काळ घरेच मोजली. छायाचित्र घ्यावयाचे, तारे जेथे विरळ होत दिसेनासे होतात तेथे रेघ मारावयाची आणि ‘ही दीर्घिका एवढी मोठी’ असे म्हणावयाचे. ही रेघ फार आत पडली होती, हे दाखवून दिले ते उदासीन हायड्रोजनने. त्याचा शोध कसा घेतात, जवळच्या दीर्घिकांची त्यासाठी पाहणी कशी करतात आणि तीतून काय हाती लागले, हे या लेखात सांगण्याचा विचार आहे.

‘उदासीन’ म्हणजे येथे खिन्न नव्हे. ज्याचा इलेक्ट्रॉन जागेवर आहे, म्हणून ज्यावर एकूण विद्युतभार नाही, असा हायड्रोजनचा अणू. त्यात एक प्रोटॉन व एक इलेक्ट्रॉन. दोघांनाही आपण पुस्तकात ज्याला स्पिन म्हणतो तो गुणधर्म असतो. दोहोंचे स्पिन एकाच दिशेने असले तर अणूची ऊर्जा किंचित अधिक असते, परस्परविरुद्ध असले तर किंचित कमी. वरच्या अवस्थेतून खालच्या अवस्थेत येताना अणू ही जादा ऊर्जा रेडिओलहरीच्या रूपाने बाहेर टाकतो. या लहरीची वारंवारता १४२०.४ मेगाहर्ट्झ आणि तरंगलांबी सुमारे २१ सेंटिमीटर, म्हणजे आपली साधारण एक वीत.

अशी लहर अवकाशातून मिळू शकेल हे भाकीत हेंड्रिक व्हॅन डी हुल्स्ट या तरुण डच विद्यार्थ्याने १९४४ साली केले. त्या वेळी हॉलंड जर्मन सैन्याच्या ताब्यात होते. २५ मार्च १९५१ रोजी हार्वर्ड विद्यापीठात हॅरॉल्ड यूएन व एडवर्ड पर्सेल यांनी ती प्रत्यक्ष पकडली. त्यांचे साधन म्हणजे प्रयोगशाळेच्या खिडकीबाहेर बसवलेला प्लायवूडचा, आतून तांबे लावलेला एक कर्णा. त्याच वर्षी हॉलंड व ऑस्ट्रेलियातील निरीक्षकांनीही तिला दुजोरा दिला.

वर्गात हा भाग शिकवताना मला एक शंका हमखास विचारली जाते. एकट्या अणूला ही उडी आपणहून घेण्यास सरासरी सुमारे १.१ कोटी वर्षे लागतात. इतक्या आळशी अणूची लहर आपल्याला मिळावी कशी? उत्तर संख्येत आहे. एका सूर्याइतक्या वस्तुमानाच्या हायड्रोजनमध्ये १ वर ५७ शून्ये इतके अणू असतात, आणि दीर्घिकेत असा वायू कोट्यवधी सूर्यांच्या वस्तुमानाइतका असू शकतो. त्यामुळे दर क्षणी कोठे ना कोठे असंख्य अणू ही उडी घेतच असतात. शिवाय दृश्य प्रकाशाला अडवणारी अवकाशातील धूळ या लहरीला अडवत नाही.

या लहरीचा दुसरा मोठा गुण म्हणजे तिची वारंवारता अगदी नेमकी ठरलेली आहे. वायू आपल्यापासून दूर जात असेल तर ती किंचित घटते, जवळ येत असेल तर वाढते. हाच डॉप्लर परिणाम. सेकंदाला १ किलोमीटर वेगामागे हा फरक सुमारे ४.७ किलोहर्ट्झ पडतो व तो सहज मोजता येतो. म्हणजे वायू कोठे आहे, किती आहे आणि कोणत्या वेगाने चालला आहे, या तिन्ही प्रश्नांची उत्तरे एकाच निरीक्षणात मिळतात. ताऱ्यांच्या छायाचित्राला यांपैकी तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर देता येत नाही.

अडचण असते ती बारकाव्याची. दुर्बिणीला किती बारीक तपशील दिसेल हे तरंगलांबी व दुर्बिणीचा व्यास यांच्या गुणोत्तरावर ठरते. वीतभर लांबीच्या लहरीने २ विकलांइतका बारीक तपशील पाहावयाचा तर दुर्बीण वीसपंचवीस किलोमीटर रुंद हवी! असे भांडे कोणी घडवू शकत नाही. म्हणून अनेक लहान अँटेना दूरदूर उभारून त्यांच्या संदेशांची जोडीजोडीने सांगड घालतात. पृथ्वी फिरते तशी प्रत्येक जोडीची दिशा आकाशाच्या संदर्भात बदलत जाते आणि काही तासांत जणू एका विराट दुर्बिणीचा बराचसा भाग भरून निघतो.

अशी एक दुर्बीण पुणे-नाशिक रस्त्यावरील नारायणगावाजवळ, खोडद येथे आहे. गोविंद स्वरूप यांच्या कल्पनेतून साकारलेली ही जायंट मीटरवेव्ह रेडिओ टेलिस्कोप, म्हणजेच जीएमआरटी. तिच्या ३० अँटेना प्रत्येकी ४५ मीटर व्यासाच्या आहेत. त्यांपैकी १४ मध्यभागी दाटीने आहेत, तर उरलेल्या १६ तीन बाहूंवर पसरल्या आहेत. एकूण पसारा सुमारे २५ किलोमीटर. जोड्या होतात ४३५. अँटेनांचा पृष्ठभाग अखंड पत्र्याचा नसून तारेच्या जाळीचा आहे. जाळीची भोके तरंगलांबीपेक्षा पुष्कळ लहान असली म्हणजे लहरीला ती भिंतच वाटते, आणि वारा मात्र आरपार निघून जातो. दुर्बिणीचा खर्च आटोक्यात राहिला तो बव्हंशी या युक्तीमुळे.

पाहणी करताना निरीक्षक अधूनमधून दुर्बीण एखाद्या ओळखीच्या, ठरलेल्या तेजाच्या रेडिओस्रोताकडे वळवतात. वाण्याने तराजूचा काटा तपासावा तसे हे आहे. मग दीर्घिकेकडे काही तास रोखून पाहावयाचे. पृथ्वीवरच्या यंत्रांचा गोंगाट वेचून काढला की प्रत्येक वेगासाठी एक स्वतंत्र चित्र तयार होते. ही चित्रे पानांप्रमाणे एकावर एक रचली की दीर्घिकेची एक वहीच झाली. पहिल्या पानावर आपल्याकडे येणारी बाजू दिसते, शेवटच्या पानावर दूर जाणारी.

येथे एक तडजोड मात्र करावी लागते. दूरच्या अँटेनांनी बारकावा मिळतो, पण त्यांना विस्तीर्ण, विरळ वायू दिसत नाही. जवळच्या अँटेनांना विरळ वायू दिसतो, पण चित्र जाडेभरडे येते. जीएमआरटीत दोन्ही प्रकारच्या जोड्या असल्याने एकाच निरीक्षणातून दोन्ही तऱ्हेची चित्रे काढता येतात. शीव शोधावयाची तर जाडेभरडे चित्र हवे. ताऱ्यांच्या जन्मस्थळांजवळ वायू कसा साचला आहे हे पाहावयाचे तर बारीक.

आता फलिताकडे वळू. २००८ साली प्रसिद्ध झालेल्या ‘थिंग्ज’ नावाच्या पाहणीत अमेरिकेतील व्हेरी लार्ज ॲरे या दुर्बिणीने जवळच्या ३४ दीर्घिकांचे तपशीलवार नकाशे काढले. त्याच वर्षी जीएमआरटीवरील ‘फिग्ज’ या पाहणीची पहिली फलिते आली. तिने मुद्दाम अतिमंद, बटू दीर्घिका निवडल्या होत्या; साठांहून अधिक. त्यांच्यातील हायड्रोजनचे मध्यक वस्तुमान अवघे ३ कोटी सूर्यांइतके आहे. असे दिसून आले की वायूचा व्यास ताऱ्यांच्या दृश्य व्यासाच्या साधारण २.४ पट असतो, आणि दीर्घिका जितकी मंद तितके हे गुणोत्तर वाढत जाते. एनजीसी ३७४१ या बटू दीर्घिकेत तर वायूची तबकडी दृश्य भागाच्या आठपटींहून अधिक दूर पसरलेली आहे.

दोन दीर्घिकांमधील शीवही अशीच फसवी निघाली. सप्तर्षींच्या परिसरातील एम ८१, एम ८२ व एनजीसी ३०७७ या छायाचित्रात तीन वेगळ्या दीर्घिका दिसतात. १९९४ साली प्रसिद्ध झालेल्या हायड्रोजनच्या नकाशात मात्र त्या वायूच्या लांबलचक पट्ट्यांनी एकमेकींशी जोडलेल्या आढळल्या. एकमेकींजवळून जाताना झालेल्या ओढाताणीच्या या खुणा होत.

पण खरा धक्का वेगांनी दिला. सूर्यमालेत दूरचा ग्रह हळू फिरतो, कारण बहुतेक सारे वस्तुमान मध्ये, सूर्यात आहे. दीर्घिकेतही तारे संपल्यावर बाहेरच्या वायूचा वेग असाच उतरत जावा. तो उतरत नाही! व्हेरा रुबिन यांनी सत्तरच्या दशकात दृश्य प्रकाशाने हे दाखवले होते. अल्बर्ट बोस्मा यांनी १९७८ च्या आपल्या प्रबंधात हायड्रोजनच्या आधारे ताऱ्यांच्या कितीतरी पलीकडे जाऊन तेच दाखवले. गुरुत्वाकर्षणाचा नियम खरा धरला तर तेथे न दिसणारे पुष्कळ वस्तुमान असले पाहिजे. यालाच कृष्णद्रव्य म्हणतात. एनजीसी ३७४१ चे वस्तुमान आणि तिचा निळा प्रकाश यांचे गुणोत्तर सूर्याच्या शंभरपटींच्या घरात जाते.

बटू दीर्घिकांचे महत्त्व यातच आहे, असे मला वाटते. मोठ्या दीर्घिकेच्या मध्यभागी ताऱ्यांचेच वजन इतके असते की कृष्णद्रव्याचा वाटा वेगळा काढणे कठीण जाते. बटू दीर्घिकेत तारे थोडे. तेथे कृष्णद्रव्याची रचना जवळजवळ उघडी पडते. संगणकावरील गणिते सांगतात की ते केंद्राकडे झपाट्याने दाट होत जावे. अनेक बटू दीर्घिकांतील वायूचे वेग मात्र मध्यभागी त्याची घनता बरीच सपाट असल्याचे सुचवतात. ताऱ्यांच्या स्फोटांनी वायू ढवळून ही घनता सपाट केली, की कृष्णद्रव्याबद्दलची आपली कल्पनाच अपुरी आहे, यावर अजून एकमत नाही. विश्वातील बहुतेक द्रव्य कशाचे आहे, हा प्रश्न अशा रीतीने काही अतिमंद दीर्घिकांतील वायूच्या वेगावर येऊन ठेपला आहे.

ही लहर ऐकण्यासाठी शांतता लागते. १४०० ते १४२७ मेगाहर्ट्झ हा पट्टा आंतरराष्ट्रीय कराराने निरीक्षणांसाठी राखून ठेवलेला आहे. त्यात कोणीही प्रक्षेपण करावयाचे नाही. सेकंदाला सुमारे ४,३०० किलोमीटरपर्यंत वेगाने दूर जाणाऱ्या दीर्घिका या पट्ट्यात मावतात, म्हणजे आपल्या शेजारच्या साऱ्या. त्यापलीकडच्या दीर्घिकांची लहर मात्र उपग्रह व दूरध्वनी यांच्या गजबजाटात शिरते, आणि तेथे कोणाचा आवाज कोणता हे निवडत बसावे लागते.

आमच्या विद्यार्थ्यांना एक गोष्ट आवर्जून सांगावीशी वाटते. जीएमआरटीवर घेतलेली निरीक्षणे ठराविक मुदतीनंतर सर्वांसाठी खुली होतात. एक बरा संगणक, थोडी प्रोग्रॅमिंगची ओळख आणि डॉप्लरचे सूत्र एवढ्या शिदोरीवर एखाद्या दीर्घिकेच्या परिभ्रमणाचा आलेख काढणे एम.एस्सी.च्या प्रकल्पात बसू शकते. तारे संपल्यानंतरही तो आलेख खाली उतरत नाही, हे पुस्तकात वाचणे वेगळे आणि आपल्या हाताने काढलेल्या आलेखावर पाहणे वेगळे.