समोरची प्रक्रिया कोणाची? लोकल सॉकेटच्या एका दशकाचा मागोवा

ऑगस्ट २०२३ मध्ये लिनक्स कर्नलच्या ६.५ या आवृत्तीत सॉकेटच्या दुसऱ्या टोकाच्या प्रक्रियेचा पीआयडीएफडी, म्हणजे त्या एकाच प्रक्रियेशी कायम बांधलेला संदर्भ, थेट मागण्याची सोय झाली. ही सोय फार उशिरा आली आणि त्या विलंबाची किंमत आधीच्या दशकाने मोजली.

एकाच संगणकावरील प्रक्रियांना जोडणारे युनिक्स डोमेन सॉकेट १९८३ च्या ४.२ बीएसडीत आले आणि पुढे समोरच्याची ओळख विचारण्यासाठी लिनक्सने एसओ_पीअरक्रेड, बीएसडी कुळाने गेटपीअरईआयडी, तर सोलारिसने गेटपीअरयूक्रेड असे वेगवेगळे मार्ग काढले. पॉझिक्स मानकाने सॉकेटवरून फाइल डिस्क्रिप्टर पाठवण्याची रीत स्वीकारली, मात्र ओळख विचारण्याची एकही रीत ठरवली नाही, ही अनास्था अक्षम्य होय.

लिनक्समध्ये जोडणीच्या क्षणीचा युजर आयडी, ग्रुप आयडी आणि पीआयडी, म्हणजे प्रक्रियेचा क्रमांक, कर्नल स्वतः नोंदवतो, त्यामुळे जोडणाऱ्याला तेथे खोटे बोलता येत नाही. पोस्टग्रेस्क्यूएल या डेटाबेसची ‘पीअर’ पद्धत याच भरवशावर पासवर्डाविना चालते. हा सरळपणा २०१३ पासूनच्या वर्षांत कसा झिजला, हे पाहणे क्लेशदायक आहे. पीआयडी हा पुन्हा वापरला जाणारा क्रमांक असून त्याची रूढ मर्यादा ३२,७६८ एवढीच होती; शिवाय क्रमांक तोच राहूनही प्रक्रिया मध्येच रूटच्या, म्हणजे सर्वाधिकारी युजरच्या, अधिकाराने चालणारा सेटयूआयडी प्रोग्रॅम सुरू करू शकते. विशेषाधिकाराचे काम कोणाला करू द्यायचे हे ठरवणाऱ्या पोलकिटमध्ये २०१३ साली उघड झालेला दोष नेमका याच फटीतला होता, कारण क्रमांक घेणे आणि त्याच्या मालकाचा शोध घेणे यांत वेळ जात होता.

स्नॅप पॅकेजे सांभाळणाऱ्या स्नॅपडी या सेवेतला २०१९ मधील दोष त्याहून बोचरा होता. त्या सेवेने कर्नलकडून युजर आयडी बिनचूक मिळवला, पण तो सॉकेटच्या पत्त्यासह एका मजकुरात गुंफला आणि नंतर तोच मजकूर फोडून वाचला. हल्लेखोराने आपल्या सॉकेट फाइलच्या नावातच रूटचा शून्य आयडी लिहिला, तेव्हा नंतर आलेली ही खोटी नोंद आधीच्या खऱ्या नोंदीवर चढली. जून २०२१ मध्ये पोलकिटचाच सात वर्षे दडलेला दुसरा दोष जाहीर झाला: विनंती करणारी प्रक्रिया मध्येच मारली, तर प्रक्रियांमध्ये संदेश पोहोचवणाऱ्या डी-बसकडून तिच्या युजर आयडीऐवजी त्रुटी येई आणि काही मार्गांवर पोलकिट ती विनंती रूटची समजे. उत्तर न मिळणे म्हणजे परवानगी, असा अर्थ लावणारी रचना इतकी वर्षे टिकली, याचा दोष कर्नलकडे जात नाही. तो सेवा लिहिणाऱ्यांचा आणि ती तपासणाऱ्यांचा आहे.

स्थानिक सेवा लिहिणाऱ्यांनी आता तरी कर्नलचे उत्तर मजकुरात न रूपांतरित करता जसेच्या तसे वापरावे, प्रक्रियेसाठी क्रमांकाऐवजी पीआयडीएफडी धरावा आणि ओळख मिळाली नाही तर विनंती नाकारावी.